वाढीच्या हार्मोनची पावडर, लाल टोपीची सिरिंज आणि '१.८ युनिट': नेमकं कुठपर्यंत भरायचं?

कासारवडवली_बाबा

मुलगी आठ वर्षांची, वजन २० किलो. एंडोक्रायनॉलॉजिस्टनी (हार्मोनच्या डॉक्टरांनी) वाढीच्या हार्मोनचं इंजेक्शन रोज रात्री द्यायला सांगितलंय. चिठ्ठीवर "१.८ युनिट, झोपताना" एवढंच लिहिलंय. खोक्यात पांढऱ्या पावडरीची बाटली आहे, लेबलवर १२ आययू, म्हणजे आंतरराष्ट्रीय युनिट (४ मिग्रॅ). सोबत २ मिली द्रावकाची (पावडर विरघळवायच्या पाण्याची) काचेची अँप्युल आहे, सिरिंज मात्र नाही. घोडबंदर रोडवरच्या मेडिकलमधून लाल टोपीच्या इन्सुलिन सिरिंज आणल्या. आमच्या आईलाही त्याच लागतात, तिचं बाटलीतलं ३०/७० (दोन प्रकारांचं मिश्रण) इन्सुलिन चालू आहे.

विचारायचंय ते असं: या सिरिंजवर पूर्ण आकड्यांच्या रेघा आहेत, मग १.८ कुठे धरायचं? दोनच्या जरा खाली? पावडर कशी मिसळायची? एक बाटली किती दिवस पुरेल? आणि दोघींच्या सिरिंज एकाच डब्यात ठेवल्या तर चालतील का? उद्या रात्री पहिला डोस आहे.

वाशी_औषधवाला

दादा, त्या सिरिंजवर १.८ शोधूच नका. तुमच्या मेडिकलवाल्यानं सिरिंज चुकीची दिलेली नाही, पण तिच्यावरचे आकडे तुमच्या मुलीच्या औषधाचे नाहीत.

लाल टोपीच्या सिरिंजवर ४० लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ एवढाच, की १ मिलीत ४० युनिट *इन्सुलिन* असेल तर एक रेघ म्हणजे एक युनिट. सिरिंजला आत काय भरलंय ते कळत नाही. तिला फक्त जागा मोजता येते, आणि लाल सिरिंजची एक रेघ म्हणजे ०.०२५ मिली जागा. वाढीच्या हार्मोनचं आययू हे वेगळ्या औषधाचं वेगळं माप आहे. दोन्हीकडे शब्द 'युनिट' आहे, म्हणून गफलत होते. तुम्ही म्हणता तसं 'दोनच्या जरा खाली' भरलं असतं तर ०.०४५ मिली गेलं असतं, म्हणजे जेमतेम ०.२७ आययू. ठरलेल्या डोसच्या सातव्या हिश्श्याइतकं. असं महिनोन्महिने चालतं, उंची वाढत नाही, आणि औषध लागू पडत नाही असा समज होतो.

हिशोब असा करा. बाटलीत १२ आययू, द्रावक २ मिली, म्हणून १ मिलीत ६ आययू. डोस १.८ आययू. १.८ भागिले ६, उत्तर ०.३ मिली. हाच तुमचा खरा आकडा. आता तो सिरिंजवर उतरवा:

लाल टोपी (४०): ०.३ ला ०.०२५ नं भागा, बाराव्या रेघेपर्यंत.
केशरी टोपी (१००): ३० च्या खुणेपर्यंत.
मिलीच्या खुणांची १ मिली सिरिंज: ०.३०.

पडताळा मिलिग्रॅमनं घ्या. वाढीच्या हार्मोनचं १ मिग्रॅ म्हणजे ३ आययू. १.८ आययू म्हणजे ०.६ मिग्रॅ. २० किलोला भागलं की किलोमागे ०.०३ मिग्रॅ येतं. हार्मोनच्या कमतरतेसाठी मुलांना रोज किलोमागे ०.०२५ ते ०.०३५ मिग्रॅ देतात, म्हणजे आकडा बसतो. उत्तर दहापट इकडे किंवा तिकडे आलं असतं तर टिंब चुकलंय हे लगेच कळलं असतं.

तरीही पहिला डोस देण्याआधी दवाखान्यात फोन करा आणि एकच वाक्य विचारा: "बाटली १२ आययूची, २ मिलीत मिसळली, तर ०.३ मिली द्यायचं, बरोबर?" तिकडून 'हो' आलं की ते चिठ्ठीवर मिलीत लिहून घ्या. चिठ्ठीवर फक्त 'युनिट' असणं मला मुळीच पटत नाही. पुढच्या महिन्यात मेडिकलमध्ये दुसऱ्या ताकदीची बाटली मिळाली, तर युनिट तेच राहतील आणि मिली बदलतील. कंपनी किंवा ताकद बदलली की हा हिशोब पहिल्यापासून करायचा. जुना 'बारा रेघा' हा आकडा त्या बाटलीबरोबर संपला असं समजा.

अँप्युलवरची बारीक अक्षरं भिंगानं वाचा. बेंझिल अल्कोहोल किंवा मेटाक्रेसॉल लिहिलं असेल तर द्रावकात जंतुरोधक आहे, आणि मिसळलेली बाटली पत्रकात दिलेल्या दिवसांपर्यंत फ्रिजमध्ये ठेवता येते. कुठे १४ दिवस असतात, कुठे २८, म्हणून आपलंच पत्रक बघा. नुसतं 'इंजेक्शनसाठीचं निर्जंतुक पाणी' असेल तर त्यात रोखणारं काही नसतं. तशी बाटली आठवडाभर वापरायची नाही. मग त्या बाटलीचं काय करायचं हे दवाखान्यालाच विचारावं लागेल.

नेरुळ_सिस्टर

वरचा हिशोब बरोबर आहे. हातानं करायचं काम सांगते, कारण खरी गडबड तिथे होते.

बाटली आणि अँप्युल फ्रिजमधून काढून दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवा. हात साबणानं धुवा. बाटलीची प्लास्टिकची टोपी उडवली की खाली रबरी बूच दिसतं. ते स्पिरिटच्या कापसानं पुसा आणि *वाळू द्या*. ओल्या स्पिरिटमधून सुई घातली तर ते आत जातं.

अँप्युल फोडण्याआधी वरच्या निमुळत्या भागाला टिचक्या मारून पाणी खाली आणा. मानेवर रंगीत ठिपका असेल तर तो आपल्याकडे ठेवा, गॉज गुंडाळा आणि ठिपक्याच्या उलट दिशेला मोडा. काचेचे बारीक कण तळाशी बसतात, म्हणून सुई तळाला घासू नका आणि शेवटचे थेंब ओढायचा हट्ट धरू नका. अँप्युलमध्ये लेबलपेक्षा थोडं जास्तच भरलेलं असतं. म्हणून 'असेल तेवढं सगळं' ओढायचं नाही, सिरिंजवर नेमकं २ मिली मोजायचं. २.२ मिली गेलं तर १ मिलीत ६ ऐवजी साडेपाचच आययू उरतात आणि संपूर्ण आठवड्याचे डोस कमी पडतात.

पाणी ओढायला साधी २ किंवा ३ मिलीची सिरिंज आणि २३ किंवा २४ नंबरची सुई घ्या. जाड १८ नंबरची सुई रबराचा तुकडा कापून आत पाडते. इन्सुलिनच्या सिरिंजनं दोनदा एकेक मिली भरू नका. ती सुई केसासारखी बारीक, दोन-तीनदा बुचातून गेली की टोक बोथट होतं.

आता सुई बुचातून घालून टोक काचेच्या कडेला टेकवा. पाणी भिंतीवरून ओघळत खाली यायला हवं, पावडरीवर धार पडता कामा नये. काही बाटल्यांत निर्वात असतं. तिथे दट्ट्या आपोआप आत ओढला जातो, म्हणून अंगठ्यानं धरून हळू सोडा. बाकी बाटल्यांत पाणी गेलं की आतला दाब वाढतो. सुई काढण्याआधी तेवढीच हवा सिरिंजमध्ये परत घ्या, नाहीतर सुई निघताना औषध फवाऱ्यासारखं उडतं.

मग *हलवायचं नाही*. सरबताच्या बाटलीसारखी खळखळवली की फेस येतो. हे औषध प्रथिन आहे. हवा आणि पाणी भेटतात त्या पृष्ठभागावर प्रथिनाची घडी उलगडते, रेणू एकमेकांना चिकटतात आणि त्या भागाचा उपयोग संपतो. फेस खाली बसला तरी बिघडलेलं प्रथिन सुधारत नाही. बाटली दोन्ही तळव्यांत धरून हलकेच फिरवा, मग टेबलावर ठेवून पाच मिनिटं थांबा. द्रावण पाण्यासारखं स्वच्छ दिसलं पाहिजे. खिडकीच्या उजेडात धरून बघा. गढूळपणा, धागे, तरंगणारे कण दिसले तर ती बाटली वापरू नका. फोटो काढा आणि दवाखान्यात दाखवा.

बाटलीवर मार्करनं तारीख आणि वेळ लिहा. 'सोमवारी उघडली' हे गुरुवारपर्यंत कोणाच्या लक्षात राहत नाही.

डोस भरताना बूच पुन्हा पुसा. सिरिंजमध्ये ०.३ मिली हवा घ्या, ती बाटलीत सोडा, बाटली उलटी धरा आणि सुईचं टोक द्रावणाच्या आत आहे ना ते बघा. हळू ओढा, झटका दिला की बुडबुडे येतात. बुडबुडा आला तर नळीला टिचकी मारून तो वर आणा, परत बाटलीत ढकला आणि पुन्हा रेघेवर या. त्वचेखाली गेलेली बारीक हवा अपाय करत नाही. पण बुडबुड्यानं दोन रेघा अडवल्या तर बारामधल्या दोन रेघांचं औषध गेलंच नाही.

वाचायचं कुठे? दट्ट्याच्या काळ्या रबराला सुईकडची कड असते, ती रेघेला लावा. काही सिरिंजमध्ये रबराला मधे टोक किंवा घुमट असतो. तो वाचायचा नाही, नळीला गोल टेकलेली कड वाचायची. सिरिंज डोळ्यांच्या रेषेत धरा. वरून तिरकं बघितलं की एक रेघ सहज चुकते, आणि १२ मधली एक म्हणजे आठ टक्के.

मांडी किंवा पोट, रोज जागा बदलून. मूल बारीक अंगाचं असेल आणि सुई ८ मिमीची असेल तर चिमटीत कातडी धरून तिरकं टोचा, ६ मिमीला चिमूट पुरते. औषध गेल्यावर मनात दहा आकडे मोजा आणि मग सुई काढा.

कासारवडवली_बाबा

खूप आभार. फोन केला होता. ०.३ मिलीच द्यायचं असं सिस्टर म्हणाल्या, उद्या चिठ्ठीवर लिहून देणार आहेत. द्रावकावर मेटाक्रेसॉल आहे. आता दोन शंका. एक, मुलीसाठी लाल सिरिंजच वापरू की दुसरी घेऊ? दोन, १२ ला १.८ नं भागलं तर ६.६७ येतात. उरलेलं पुढच्या बाटलीत घालून डोस पुरा करायचा का?

वाशी_औषधवाला

उरलेलं दुसऱ्या बाटलीत घालायचं नाही. दोन वेगळ्या दिवशी उघडलेली द्रावणं एकत्र केली की मुदत कुठली धरायची हेच कळत नाही, आणि एकीत जंतू असले तर दोन्ही गेल्या. अर्धं जुन्या बाटलीतून, अर्धं नव्या बाटलीतून असंही करू नका, मोजमापाची चूक दुप्पट होते. सहा डोस धरा, उरलेलं टाका. महाग आहे, जिवावर येतं, मान्य. दर आठवड्याला असं वाया जाणार असेल तर डॉक्टरांना विचारा, दुसऱ्या ताकदीची बाटली किंवा कार्ट्रिजचं पेन मुलीच्या डोसला जास्त नीट बसेल का.

सिरिंजबद्दल माझं मत: मिलीच्या खुणांची १ मिली सिरिंज घ्या. चिठ्ठीवर ०.३ मिली, सिरिंजवर ०.३ मिली. मधे कुठलंही भाषांतर नको.

नेरुळ_सिस्टर

इथे माझं थोडं वेगळं मत आहे, औषधवाले दादा. कागदावर तुमचं बरोबर आहे, पण त्या सिरिंजला सुई वेगळी लावावी लागते. सुईच्या बुडाशी आणि नळीच्या टोकात जी पोकळी राहते तिथे दर वेळी साधारण ०.०७ मिली औषध अडकून फुकट जातं. डोस बरोबरच जातो, कारण खुणांत ती पोकळी धरलेली नसते, पण बाटली लवकर संपते. दर वेळी ०.३७ मिली निघालं तर २ मिलीत पाचच डोस होतात. सहावा गेला. शिवाय त्याबरोबर येणारी २६ नंबरची सुई आठ वर्षांच्या मुलीला रोज टोचायची म्हणजे चौथ्या दिवशी ती पलंगाखाली लपेल.

इन्सुलिन सिरिंजची सुई जोडलेलीच असते, पोकळी जवळपास नसते आणि सुई ३१ नंबरची बारीक. मी केशरी टोपीची *अर्ध्या मिलीची* घ्यायला सांगेन. तिच्यावर ५० पर्यंत आकडे असतात, प्रत्येक रेघ एकची, नळी बारीक म्हणून रेघा लांब-लांब, वाचायला सोप्या. १ मिलीच्या केशरीवर रेघ दोन-दोनची असते, ती नको. तुमचा ३० चा आकडा अर्ध्या मिलीच्या सिरिंजवर ठळक छापलेला सापडेल.

वाशी_औषधवाला

पोकळीचा मुद्दा मान्य, सिस्टर. महागड्या बाटलीचा सहावा डोस जाणार असेल तर जोडलेली सुईच बरी. पण मग आजींच्या लाल सिरिंज आणि नातीच्या केशरी सिरिंज एका घरात आल्या, त्याचं काय?

शुगरसोबती_कळवा

नेमकं त्यासाठीच लिहितोय. मुलीच्या औषधापेक्षा मला आजींची काळजी जास्त वाटते.

आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक ४० युनिट/मिली असतं: १० मिलीची बाटली, एकूण ४०० युनिट. पेनची कार्ट्रिज मात्र १००/मिलीची: ३ मिली, ३०० युनिट. काही इन्सुलिनच्या बाटल्याही १०० च्या येतात. नियम साधा आहे, ४० ची बाटली लाल टोपी, १०० ची बाटली केशरी टोपी. फरक अडीच पटींचा.

आजी २० युनिट घेतात असं धरा. हाताला चुकून नातीची केशरी सिरिंज लागली आणि ४० च्या बाटलीतून २० च्या खुणेपर्यंत भरलं, तर ०.२ मिली गेलं, म्हणजे ८ युनिट. साखर चढत जाईल, कारण कोणाला कळणार नाही. उलटं त्याहून भयंकर. पुढे कधी डॉक्टरांनी १०० ची बाटली दिली आणि आजींनी सवयीनं लाल सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरलं, तर अर्धा मिली जाईल, म्हणजे ५० युनिट. रात्री झोपेत साखर उतरली तर घाम, थरथर काहीच कोणाला दिसत नाही. पेनच्या कार्ट्रिजमध्ये सिरिंज खुपसून औषध काढायची सवय काही घरांत असते. तिथेही हाच धोका आहे.

तसंच मुलीच्या बाजूनं: 'तीस' हा आकडा लक्षात ठेवून चुकून लाल सिरिंज घेतली तर ०.७५ मिली, साडेचार आययू. 'बारा' लक्षात ठेवून केशरी घेतली तर ०.७२ आययू.

म्हणून दोन डबे ठेवा, वेगळ्या आकाराचे आणि वेगळ्या खोलीत. आजींचा स्टीलचा असेल तर नातीचा प्लास्टिकचा. नातीच्या डब्यावर चिठ्ठी चिकटवा: बाटलीची ताकद, पाणी किती, सिरिंज कुठली, कुठली खूण. आकडा *अक्षरांत* लिहा: "केशरी, तीस". मराठी १ घाईत इंग्रजी 9 सारखा दिसतो. घरातल्या इंग्रजी माध्यमातल्या भाचीला '१२' हे '92' वाटू शकतं. 'युनिट' पूर्ण लिहा. रोमन यू अक्षर आकड्याला चिकटलं की शून्य वाटतं आणि १० चे १०० होतात. १.८ मधला टिंब पुसला की १८. म्हणून डब्यावर टिंबाचा आकडाच नको.

आजींच्या ३०/७० विषयीही सांगतो. ते दुधाळ असतं, तळाशी साका बसतो. भरण्याआधी बाटली तळव्यांत दहा वेळा लाटायची आणि दहा वेळा सावकाश उलटसुलट करायची, सगळीकडे सारखी दुधाळ होईपर्यंत. हे न करता भरलं तर एके दिवशी वरचं पातळ जातं, दुसऱ्या दिवशी तळाचं दाट. साखर रोज वेगळी आणि दोष जेवणावर.

डोंबिवलीकर_पण_ऐरोलीत

याच विषयात आहे म्हणून विचारतो. वडिलांना सकाळी प्लेन (लवकर काम करणारं, स्वच्छ दिसणारं इन्सुलिन) १० आणि एनपीएच (हळू काम करणारं, दुधाळ) १६, दोन्ही ४० च्या बाटल्या, एकाच सिरिंजमध्ये. आधी कुठलं ओढायचं?

शुगरसोबती_कळवा

आधी स्वच्छ, मग दुधाळ. क्रम असा: एनपीएच लाटून एकसारखी करा. १६ रेघा हवा एनपीएचच्या बाटलीत सोडा, *औषध न ओढता* सुई बाहेर काढा. मग १० रेघा हवा प्लेनमध्ये सोडा, उलटी करून १० ओढा, बुडबुडे घालवा. आता एनपीएचमध्ये सुई घालून दट्ट्या २६ पर्यंत आणा. लगेच टोचा.

कारण असं: एनपीएचमध्ये प्रोटामिन असतं, त्यामुळेच ते हळू काम करतं. दुधाळ सुई प्लेनच्या बाटलीत गेली की प्रोटामिन तिथे मिसळतं. हळूहळू सगळी प्लेन बाटली मंद होते आणि जेवणानंतरची साखर आवरत नाही. स्वच्छ बाटली गढूळ दिसू लागली की हेच झालंय असं समजा आणि ती टाका.

दुसरं ओढताना २६ च्या पुढे, समजा २८ पर्यंत गेलात, तर जास्तीचं परत ढकलता येत नाही. सिरिंजमध्ये दोन्ही मिसळलेली असतात, कुठलं परत गेलं ते सांगता येत नाही. सगळं टाकून पहिल्यापासून भरा. ग्लार्जिन (दिवसभर हळू काम करणारं इन्सुलिन) मात्र कुठल्याही इन्सुलिनमध्ये मिसळायचं नाही. ते आम्ल द्रावण आहे, त्वचेखाली गेल्यावर साका होऊन हळू सुटावं म्हणून मुद्दाम तसं ठेवलेलं. दुसरं इन्सुलिन मिसळलं की ती रचनाच मोडते.

खारघर_जिम

माझ्याकडे ऑनलाइन मागवलेली पेप्टाइडची ५ मिग्रॅची बाटली आहे, दुखरा खांदा बरा व्हायला. 'फक्त संशोधनासाठी' लिहिलंय. २ मिली पाणी घातलं तर २५० मायक्रोग्रॅमला किती रेघा?

वाशी_औषधवाला

या बाटलीचा हिशोब मी देणार नाही, आणि का ते नीट सांगतो. वरचं सगळं गणित एकाच गोष्टीवर उभं आहे: लेबलवरचा आकडा खरा आहे. नोंदणी झालेल्या औषधाच्या प्रत्येक बॅचची तपासणी होते. 'संशोधनासाठी' विकलेल्या बाटलीवर '५ मिग्रॅ' लिहिलेलं असलं तरी त्यात पेप्टाइड किती, त्याला चिकटलेले क्षार आणि ओलावा किती, हे वेगळं मोजलेलं असेलच असं नाही. बाहेरून सगळी एकच पांढरी पावडर. ती निर्जंतुक आहे का, त्यात जंतूंच्या पेशीभिंतींचं विष आहे का, हे घरी कळत नाही, आणि स्पिरिटनं बूच पुसून ते जात नाही. रेघ अचूक धरली तरी आत काय गेलं ते माहीतच नसेल तर त्या अचूकतेचा उपयोग नाही. खांद्यासाठी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. आधीच टोचलं असेल आणि ताप, लाली किंवा गाठ आली असेल, तर बाटली सोबत घेऊन जा, लपवू नका.

ठाणे_पूर्व_मनीषा

वजन कमी करायच्या तिरझेपाटाइडची बाटली मिळते तिचं काय? माझ्या बहिणीला डॉक्टरांनी दिलीय. पाच मिग्रॅची बाटली आणून अर्धी या आठवड्यात, अर्धी पुढच्या, असं तिच्या मैत्रिणी करतात.

वाशी_औषधवाला

ताई, तिरझेपाटाइड मार्च २०२५ मध्ये भारतात आलं ते एका डोसच्या बाटलीत: २.५ किंवा ५ मिग्रॅ, दोन्हींत औषध अर्धा मिलीच. मिसळायचं काही नाही, तयार द्रावण असतं. सगळं म्हणजे ०.५ मिली ओढायचं: केशरी सिरिंजवर ५०, लालवर २०. एका डोसची बाटली ही पुन्हा-पुन्हा सुई घालून आठवडाभर ठेवण्यासाठी केलेली नसते. उरलेल्या अर्ध्याची जबाबदारी कोणीच घेत नाही. अडीच मिग्रॅ हवं असेल तर अडीचचीच बाटली आणायची. किंमत परवडत नसेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा, ते वेगळा मार्ग काढतील.

नेरुळ_सिस्टर

फ्रिजबद्दल कोणी विचारलं नाही, पण आपल्या उकाड्यात मोजमापाइतकंच ते महत्त्वाचं आहे. २ ते ८ अंश हवं. मधल्या फळीवर, खोक्यासकट, एका झाकणाच्या डब्यात ठेवा. दार उघडझाप होऊन सारखं तापतं. बर्फाच्या कप्प्याखालची जागा आणि मागची भिंत तर अजिबात नको, तिथे औषध गोठतं. गोठून वितळलेलं इन्सुलिन किंवा हार्मोन दिसायला ठीक असलं तरी वापरायचं नाही. साधा थर्मामीटर डब्यात ठेवा. वीज गेली तर दार उघडू नका. मेडिकलमधून आणताना बर्फाचं पाकीट रुमालात गुंडाळून ठेवा, बाटलीला थेट टेकवू नका, आणि दुपारी दोनच्या उन्हात स्कूटरच्या डिकीत तर नकोच.

वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या, घट्ट झाकणाच्या बाटलीत टाका. कपडे धुण्याच्या द्रावणाची रिकामी बाटली चालते. तीन-चतुर्थांश भरली की झाकण टेप लावून बंद करा, 'सुया' असं लिहा आणि दवाखान्यात किंवा लॅबमध्ये घेतात का विचारून तिथे द्या. घंटागाडीच्या ओल्या-सुक्यात सुटी सुई गेली की ती कचरा वेगळा करणाऱ्या बाईच्या बोटात जाते.

आणि बाबा, एखाद्या रात्री डोस राहिला तर दुसऱ्या दिवशी दोन द्यायचे नाहीत. भरताना चुकून जास्त गेलं असं वाटलं तर किती रेघांपर्यंत भरलं होतं ते लिहून ठेवा आणि सकाळची वाट न बघता फोन करा.

कासारवडवली_बाबा

अर्ध्या मिलीच्या केशरी सिरिंज ठाणे स्टेशनजवळ मिळाल्या. घोडबंदर रोडवर तीन ठिकाणी १ मिलीच्याच होत्या. मुलीचा डबा प्लास्टिकचा, तिच्या खोलीत, वर "केशरी, तीस" लिहून चिकटवलंय. आईचा डबा स्वयंपाकघरात. मिसळताना पाणी भिंतीवरून सोडलं, फेस आला नाही, चार मिनिटांत स्वच्छ झालं. एक बुडबुडा निघता निघत नव्हता. शेवटी पाच रेघा जास्त ओढून परत ढकलल्यावर गेला.

नेरुळ_सिस्टर

तसंच करायचं, नेहमी. जास्त ओढून परत रेघेवर यायचं, खालून वर चढवत राहायचं नाही. बाटली शेवटाला आली की सुईचं टोक बुचाच्या अगदी जवळ आणा, नाहीतर हवा ओढली जाते. सहाव्या दिवशी हे लक्षात ठेवा.